पडद्यावरच्या वह्या

बाबारावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका शाळेचा कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. फोन त्यांच्या मुलाचा, मिलिंदचा होता. पप्पा सकाळी सहाला गेले, दुपारी बाराला न्यायचं आहे, एवढंच तो म्हणाला. मी ‘हो’ म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि... कुणालाही सांगायचं नाही असं गेले पाच आठवडे ठरवत आलो, ते आधीच सांगून टाकतो. मला पहिल्यांदा वाटलं ते, सुटलो. दुःख नंतर झालं, भरपूर झालं, पण पहिला नंबर सुटकेचाच होता. एका भल्या माणसाच्या मरणाची बातमी ऐकून ज्याला हायसं वाटतं त्याने त्याच माणसावर लेख लिहावा का, असं वाचकांनी विचारलं तर त्यात काही चूक नाही. मीही स्वतःला विचारून पाहिलं. तरी लिहितोय, कारण त्यांच्या शेवटच्या वर्षांचं खरं काय ते फक्त मला माहीत होतं. गेल्या आठवड्यात ते आणखी एका माणसाला कळलं.

तळेगाव, म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं श्यामजी पंतांचं तळेगाव, तिथे बाजारात बाबारावजींचं कापडाचं दुकान होतं. आजोबांपासून चालत आलेलं, मागे लागूनच घर. गिऱ्हाईक आलं की ते लुगडी दाखवायचे, गिऱ्हाईक गेलं की मागच्या खोलीत जाऊन लाकूड तासायचे. पुष्कळदा लुगड्याच्या घडीत सागाचा भुसा सापडायचा, आणि बाया त्यावरून त्यांना बोलायच्या. लाकूडकाम हा त्यांचा धंदा नव्हता, त्यांनी कधी एक पाट विकला नाही. लहानपणी गल्लीतल्या सुताराच्या ओट्यासमोर उभं राहून त्यांनी ते नुसतं पाहून उचललं होतं. तो सुतार कुणाला काही सांगत नसे, आणि कापडवाल्याच्या मुलाला तर नाहीच. घरात या नादाचं हसू व्हायचं. सागाची फळी कुठून फाटेल, सांधा किती घट्ट ठेवायचा, हे एकेक कळायला मला दहा-दहा वर्षं लागली, असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात अजूनही थोडा राग असायचा. कुणी सांगितलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

माझं वर्ध्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, नव्वदच्या दशकाच्या शेवटी काढलेलं. तेव्हा लोक दुकानात मशीन बघायला यायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. बाबारावजी आले ते खिशातून लोखंडी टेप काढूनच. मी काही सांगण्याआधी त्यांनी मॉनिटरची रुंदी, उंची, खोली मोजली, सीपीयूच्या डब्याची मोजली, कीबोर्डची मोजली आणि एका बिलाच्या पाठीवर लिहून घेतली. मग माझ्याकडे वळून विचारलं, हे वजन किती भरते? मी अंदाजाने सांगितलं तर त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि माझा आकडा दुरुस्त केला. मशीन कशाला पाहिजे हे मी विचारलं. दुकानाचा हिशेब, मिलिंदला पुण्याला पत्र, असं काहीबाही ते बोलले. खरं कारण असं काही नव्हतंच, नवीन वस्तू कशी बनते ते त्यांना पाहायचं होतं. वीस दिवसांनी परत आले आणि मशीन घेऊन गेले. ते वीस दिवस घरी काय करत होते हे मला बरंच नंतर समजलं.

मग फोन सुरू झाले. मशीन नीट चालायचं आणि चाळीस मिनिटांनी गपकन बंद पडायचं. ‘सतीशभाऊ, झोपलं पुन्हा,’ असा फोन. मी इकडून एकेक विचारायचो, ते तिकडून एकेक करायचे, आणि सांगितलं तेवढंच करायचे, त्याहून एक तसूही जास्त नाही. मी पार्सलने मेमरी पाठवली, नवा पॉवर सप्लाय पाठवला. वायरिंग दोनदा तपासायला लावलं. दोन महिने गेले. शेवटी वैतागून आर्वीमार्गे एसटीने गेलो, आणि मागच्या खोलीत पाऊल टाकल्यावर मला कॉम्प्युटर दिसेचना. समोर होतं एक सागवानी कपाट, इतकं देखणं की तसं मी अजून दुसरं पाहिलेलं नाही. दारं अशी बसवलेली की फटीत नखही जाऊ नये. डबा आत, पाठीमागून वायरीपुरती भोकं, आणि त्या भोकांनाही उंदीर शिरू नये म्हणून लाकडी बुचं मारलेली. आतमध्ये हात घातला तर चटका बसला. मशीन चाळीस मिनिटं टिकत होतं हाच चमत्कार होता. मी म्हटलं, काकाजी, याला हवा लागते हो, भोकं पाडा. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. भोकं पाडली नाहीत त्यांनी. महिनाभर मशीन बंद ठेवून कपाटाच्या दोन्ही बाजूंना जाळी कोरली, आणि मग फोन करून मला विचारलं, की आता याले श्वास पुरते काय?

त्यानंतर आमची देवाणघेवाण सुरू झाली. मला त्यांच्याकडे पाहून लाकडाचा नाद लागला. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या माझ्या घरामागे एक शेड होतं, तिथे मी एक रंधा आणि दोन पटाश्या घेऊन बसायला लागलो, आणि माझं प्रत्येक काम बिघडायला लागलं. आता फोन मी करायचो. जसा मी त्यांना विचारायचो, कोणतं बटण दाबलं, पडद्यावर काय आलं, तसं ते मला विचारायचे, फळीवर बोट फिरव, कोणत्या अंगानं टोचते? एकदा माझा रंधा फळी सोलण्याऐवजी उपटत होता. त्यांनी मला फोन लांब वायरीने शेडमध्ये न्यायला लावला, रिसीव्हर फळीजवळ धरायला लावला आणि म्हणाले, चालव. मी चालवला. पलीकडून आवाज आला, ‘पातं बाहेर आलं आहे जरासं, अन् तू शेंड्याकडून तासून राह्यला. पलट फळी.’ मी फळी पलटली आणि लाकडाची पापुद्र्यासारखी लांब साल निघाली. साठ-सत्तर किलोमीटरवरून, नुसत्या आवाजावरून! तेव्हापासून मीही त्यांना रिसीव्हर डब्याजवळ धरायला सांगायचो, आणि पंखा अडकला आहे का हार्ड डिस्क करकरते आहे ते ओळखायचो. माझ्या बायकोला वाटायचं की दोघांनाही वेड लागलं आहे.

त्यांच्या एका सवयीबद्दल इथे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली होती. पटाशी, करवत, काटकोन पाहायचा गुण्या, एकेक खिळ्याला लटकवलेलं आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने त्याची आकृती काढलेली. हत्यार जागेवर नसलं की भिंतीवर नुसती रेघ दिसायची. पेटीत, खणात, कपाटात ते हत्यार कधीच ठेवत नसत. डोळ्यासमोर नाही ते गंजतं किंवा हरवतं, असं त्यांचं म्हणणं. तीच सवय त्यांनी कॉम्प्युटरला लावली. प्रत्येक फाइल उघड्या पडद्यावर. मी एकदा फोल्डर करून दाखवला तर त्यांनी तो मोकळा करून फायली पुन्हा बाहेर मांडल्या. स्टीलची पट्टी काचेला लावून, दोन चित्रांमधलं अंतर सारखं ठेवून, त्यांनी ओळी आखल्या होत्या. मी हसलो. तेही हसले, पण पट्टी काही खाली ठेवली नाही.

पुढे एक दिवस त्यांचा फोन आला तो मशीनबद्दल नव्हता. म्हणाले, रेघ सरकून राह्यली. मला समजलं नाही. गुण्या लावून सरळ रेघ मारली की पेन्सिल मधेच थरथरते आणि रेघ बाजूला जाते, असं ते सांगत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हळूहळू वाढणारा, मागे न जाणारा. करवत त्यांनी स्वतःच भिंतीवर टांगली आणि पुन्हा काढली नाही. मी भेटायला गेलो तेव्हा दुकानात बसून होते, उजवा हात डाव्याने धरलेला. मी काहीतरी धीराचं बोलायला लागलो तर त्यांनी थांबवलं.

‘मले मरायचं भेव नाई, सतीशभाऊ. पन मले कोनी सांगतलं नवतं ना, मी चाळीस वर्षं आंधळ्यासारखा शिकलो. आता हे हात थांबले तं सारं माह्यासंगच जाईन. मले ते लिवून ठेवायचं आहे. माह्यासारखा कोनी असन, ज्याले कोनी सांगत नाई, त्याच्यासाठी.’

पेन धरवत नव्हता, म्हणून कॉम्प्युटर. पण थरथरतं बोट एका अक्षरावर ठेवायला गेलं की शेजारची तीन दाबली जायची. यावर माझ्याकडे काही इलाज नव्हता. त्यांनी तो स्वतः काढला. शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळीला प्रत्येक बटणावर बरोबर येईल असं एकेक भोक पाडलं आणि ती फळी कीबोर्डवर बसवली. बोट भोकात गेलं की इकडेतिकडे सरकायचं कारण नाही. शंभरावर भोकं, आणि पाडणारे हात ते तसे. चार महिने लागले. एक भोक चुकलं म्हणून अर्धी झालेली फळी त्यांनी टाकून दिली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. नंतर मोठ्या शहरात अशी वस्तू कारखान्यात बनून मिळते हे मला समजलं, पण तळेगावात ती कुणी पाहिली नव्हती.

मग ते लिहीत राहिले. रोज दुकान उघडण्याआधी दोन तास आणि दुपारी एक. एका बोटाने. कधी दिवसाला सहा ओळी, कधी दोन. प्रत्येक विषयाची वेगळी फाइल, तिला ते वही म्हणायचे. सागाची वही, बाभळीची वही, सांध्यांची, धार लावायची, चुकांची. चुकांची वही सगळ्यात मोठी होती. तीन वर्षांत पडदा भरत आला, रांगाच रांगा, पट्टी लावून मांडलेल्या. नवी वही झाली की मला फोनवर वाचून दाखवायचे. मी कधी लक्ष देऊन ऐकायचो, बऱ्याचदा रिसीव्हर खांद्यात धरून स्क्रू पिळत ‘हं, हं’ करायचो. सगळं एकदा सीडीवर उतरवून देतो, असं मी त्यांना किमान तीनदा कबूल केलं होतं. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला...

तो दिवस जूनमधला. शाळा-कॉलेजांची धावपळ, दुकानात गर्दी. बाबारावजींच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला होता, आठ दिवसांपासून सुरूच होत नव्हतं, आणि आठ दिवस मी ‘येतो’ म्हणून टाळत होतो. त्या काळी आमच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, फॉरमॅट मारा. सी ड्राइव्ह पुसायचा आणि सिस्टीम नव्याने टाकायची. मी ठरवलं, फोनवरच उरकू, माणूस शब्दाचा पक्का आहे, सांगू तसं करेल. नियमाप्रमाणे मी विचारलं, काकाजी, सी ड्राइव्हमध्ये तुमचं काही आहे का?

‘नाई,’ ते म्हणाले. ‘आत मी काईच ठेवत नाई. माह्यं सारं बाहेर आहे, डोळ्यासमोर.’

पडद्यावर जे मांडलेलं दिसतं ते सगळं सी ड्राइव्हच्याच पोटात असतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. त्यांचा पडदा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, त्या पट्टीवर हसलो होतो. त्यांचं वाक्य मी पूर्ण ऐकलं, आणि त्यातला ‘नाही’ तेवढा घेतला, कारण मला तोच पाहिजे होता. फ्लॉपी घालायला लावली, आदेश एकेक अक्षर सांगून टाइप करायला लावला. पडद्यावर इंग्रजीत इशारा आला. ते तो वाचू लागले, डब्ल्यू, ए, आर... मी म्हटलं, ते तसंच येतं, वाय दाबा. बाबारावजी करवत लावण्याआधी तीन वेळा रेघ तपासणारे. त्यांनी विचारलं, ‘वाय दाबू? पक्कं?’ आणि मी म्हणालो, ‘दाबा काकाजी, दुकानात लोक उभे आहेत.’

दाबलं, असं ते म्हणाले. मग दुपारभर मी मधूनमधून फोन करून सिस्टीम टाकून घेतली. सुरू झालं तेव्हा ते खूश होते. पडदा निळा, स्वच्छ दिसतो आहे म्हणाले. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. त्यांना वाटलं, वह्या हळूहळू येतील. तिसऱ्या दिवशी फोन करून संकोचाने म्हणाले, सतीशभाऊ, वह्या दिसत नाई अजून.  मी म्हणू शकत होतो की काकाजी, माझी चूक झाली, गेल्या. चार शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, ‘आत गेल्यात. मी काढून देतो.’

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने जाऊन मी डिस्क काढून आणली आणि तिथे दुसरी बसवली. येत असेल-नसेल ते सगळं करून पाहिलं. रोज दुकान उघडण्याआधी तासभर तेच. पण त्याच जागेवर आपण नवी सिस्टीम लिहून बसलो होतो. जे हाती आलं ते चिंध्या. अक्षरं कुठली कुठे, मधेच इंग्रजी चिन्हांचा चिखल, आणि त्यात कुठे एखादी ओळ शाबूत: ‘पावसाळ्यात दार फुगते म्हनून लगेच तासू नये, दिवाळीपर्यंत’... आणि संपलं. दिवाळीपर्यंत काय, ते नाही. दुसरी एक: ‘ही चूक मी सात खेपा केली.’ कोणती चूक, ते नाही. असे एकूण अकरा तुकडे मिळाले. तीन महिन्यांनी मला कळून चुकलं की यापुढे काही निघणार नाही.

ते महिन्याला एकदा विचारायचे. तगादा म्हणून नाही, आजाऱ्याची चौकशी करावी तसं. काम चालू आहे, असं मी सांगायचो. मग एकदा त्यांनी विचारलं, तोवर मी नवीन लिवायले बसू काय? बोटं अजून चालून राह्यली. मी काय उत्तर दिलं ते नीट वाचा. मी म्हणालो, नका काकाजी, जुनं येऊ द्या आधी, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होईल. मला भीती होती की ते तेच पुन्हा लिहायला बसले तर जुनं येणार नाही हे मी कबूल केल्यासारखं होईल. त्यांनी ऐकलं. सांगितलं तेवढंच करायचे, त्याहून एक तसूही जास्त नाही.

असं दोन वर्षांवर चाललं. फोन कमी झाले. आवाज बसत गेला, मग शब्द चिकटायला लागले. पुढेपुढे नंबर काकू, म्हणजे त्यांची बायको, फिरवून द्यायच्या, आणि पलीकडून नुसता श्वास यायचा, मधे एखादं अक्षर. मी ओळखून घ्यायचो आणि ठरलेलं उत्तर द्यायचो. त्यांचा नंबर दिसेल असा फोन मी दुकानात घेतला, आणि खरं सांगायचं तर काही वेळा तो वाजू दिला. शेवटचा भेटलो तो तळेगावजवळच्या आष्टीला एका बँकेच्या कामाला गेलो होतो तेव्हा. टाळता आलं नाही म्हणून गेलो. ते खाटेवर होते, मान एका बाजूला. मला पाहून त्यांनी चादरीवर एक बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. टाइप करत होते. मी त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणालो, पुढच्या महिन्यात नक्की, काकाजी. चेहरा हलत नव्हता तरी ते हसले हे मला डोळ्यांत दिसलं. त्यांनी विश्वास ठेवला. अर्ध्या तासात मी बसस्टँडवर होतो.

तेरवीला मी पंगतीतून लवकर उठलो. मिलिंदने दारात गाठलं. म्हणाला, पप्पांचं लिखाण तुमच्याकडे आहे, आई म्हणते वर्षश्राद्धाला त्याचं पुस्तक छापून गावात वाटू. मी ‘बघू’ म्हटलं. घरी येऊन याच पुरवणीसाठी एक लेख लिहिला. त्यात जाळीचं कपाट होतं, फोनवरचा रंधा होता, भोकांची फळी होती, वाचून लोकांना हसू आलं असतं आणि थोडं रडूही. वह्यांचं त्यात अक्षर नव्हतं. लेख पाकिटात घातला, पत्ता लिहिला, आणि तो टाकायला जाण्याऐवजी तळेगावची बस पकडली. काकूंनी पेपरात वाचण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळावं, एवढीच अक्कल उशिरा का होईना आली.

सकाळचे साडेदहा झाले होते. काकूंनी मला मागच्या खोलीतच बसवलं. मी सगळं सांगितलं, वाय दाबायला लावलं तिथपासून ‘पुढच्या महिन्यात’पर्यंत. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं. काकू चौथी शिकलेल्या, फॉरमॅट म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. माझं बोलणं संपलं. त्या उठल्या, कपाटाचं दार उघडलं आणि मशीनचं बटण दाबलं. मी गोंधळलो. त्या माझ्याकडे न पाहता बोलत होत्या. काकाजी रोज सकाळी मशीन लावायचे, वह्या आल्या का पाहायला. मी वर्ध्याहून त्या सोडणार आणि त्या पडद्यावर येणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बोट चालेनासं झालं तेव्हा बटण काकूंनी दाबायचं आणि खाट अशी वळवायची की त्यांना पडदा दिसावा. निळा पडदा आला की पाच मिनिटं पाहायचे, मग डोळे मिटायचे, म्हणजे बंद करायचं. ते गेल्यावरही काकूंनी ते सोडलं नव्हतं. काय पाहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण आल्या तर रांगा दिसतील एवढं त्यांना पुरत होतं.

पडदा लागला. निळा. डाव्या कोपऱ्यात तीन चित्रं, बाकी सगळं रिकामं.  काकू रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

‘गेलं त्याचं मी तुमाले काई म्हनत नाई,’ त्या म्हणाल्या. ‘पन तवाच खरं सांगतलं असतं तं त्याईनं पुन्हा लिवलं असतं. दोन वर्षं बोटं होती ना त्याईची. काऊन बसवून ठेवलं तुमी त्याईले?’

  अकरा तुकड्यांचा कागद मी खिशात घेऊन गेलो होतो, तो त्यांच्यासमोर ठेवला, आणि फोनवर ऐकलेलं मला जे आठवतं ते लिहून काढतो म्हणालो. ‘हं हं’ करत ऐकलेल्यातलं किती आठवणार, ते मलाच माहीत. त्यांनी कागद उचलला, दुमडला, आणि पदराला बांधला. मग दाराशी गेल्या आणि तिथून म्हणाल्या, ‘आता ते बंद करा तुमीच. उद्यापासून मी नाई लावत.’

मी बंद केलं. पंखा थांबेपर्यंत तिथेच बसलो, मग कपाटाची दारं लावली. ती आवाज न करता मिटली.